येतां गो, येतां

इथले अनुभव मी दोन वर्षं नुसती वाचत आले आहे. वाचताना मनातल्या मनात उत्तरंही शोधायचे — झोप अपुरी झाली असेल, ताप असेल, झुडपाची सावली असेल. आमच्या पेडण्याकडे वाटेवाटेवर राखणदार देवचार आहेत, त्यांना विडी आणि दारू ठेवणारी माणसं माझ्या जवळच्या नात्यात आहेत. त्यांच्यापुढे मी गप्प बसत आले, पण मान कधी डोलावली नाही. आजही डोलावणार नाही कदाचित. फक्त माझ्याकडे या गोष्टीचं उत्तर नाही, आणि जिला विचारायचं ती राहिलेली नाही.

माझं शिक्षण इंग्रजीतून झालं. मराठी आली ती घरात आणि बाबांच्या मासिकांतून, तेव्हा चुका सांभाळून घ्या. माणसांची नावं बदलली आहेत, गावं तीच ठेवली आहेत.

आम्ही मूळचे डिचोलीजवळच्या सर्वणचे. बाबांची बँकेत बदली झाली म्हणून पाचवी ते दहावी मी पेडण्याला इंग्रजी हायस्कूलमध्ये होते. दहावीनंतर परत सर्वणला आलो आणि पेडण्याची माणसं सुटली. आता मी पणजीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं करते, तिथेच खोली घेऊन राहते. मी कमी बोलते. ऑफिसात माझ्या वाढदिवसाचा केक कापून होतो आणि पाच मिनिटांनी मी कुठे गेले हे कुणाच्या लक्षात येत नाही, अशा प्रकारची मी.

गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर, शाळेतल्या अक्षताने आमच्या बॅचच्या मुलींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. ही अक्षता शाळेत मागच्या बाकावर बसायची आणि तिच्या हसण्यावर वर्गात काय विनोदी आणि काय नाही ते ठरायचं. आता तिचं पर्वरीत ब्युटी पार्लर आहे, स्वतःची गाडी आहे. तिने मला फोन करून सांगितलं, "तू पणजीत एकटीच बसून कितें करता गो? आयतारा तयार राव, हांव व्हरतां तुका." आणि आयतारा, म्हणजे रविवारी, खरंच आली न्यायला.

त्यानंतरचे पाच महिने माझ्या आयुष्यात असे कधी नव्हते. कुणाच्या बाळाचं बारसं, कुणाचं नवं घर, म्हापशाला शुक्रवारचा बाजार, हळदीकुंकू, नाहीतर नुसतंच पणजीत कॉफी. माझ्या फोनवरच्या कॅलेंडरात पहिल्यांदाच रविवार भरलेले होते. मी ते उघडून बघायचे... लाज वाटते सांगायला, पण बघायचे. कुणीतरी गाडीत माझ्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवतं, या गोष्टीची सवय लागायला वेळ लागला नाही.

आता रेश्माबद्दल सांगते.

रेश्मा इब्रामपूरची. पेडणे तालुक्यातच, पण आत, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. चौथीपर्यंत गावात मराठी शाळा आणि पाचवीला एकदम आमच्या इंग्रजी वर्गात. ती माझ्या बाजूला बसायची. डब्यात तांदळाची भाकरी आणि तिखट खारं, म्हणजे सुकी मासळी, असायचं, ते ती न विचारता अर्धं माझ्या झाकणात ठेवायची. मी दोन-तीनदा तिच्या घरीही राहिले होते.

सहावीत एकदा तिला धडा मोठ्याने वाचायला उभं केलं आणि तिने 'आयलंड' या शब्दातला एस उच्चारला — इसलँड. जसा लिहिलाय तसा. टीचरने सुधारलं, तिने पुन्हा इसलँड म्हटलं, सगळे हसले. तेवढ्यावर संपलं असतं. पण मी पेन्सिलने बाकावर मोठ्या अक्षरांत ISS-LAND लिहिलं आणि पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा अक्षता ते वाचून ओरडत होती, आणि पुढे दहावीपर्यंत रेश्माचं नाव 'इसलँड' पडलं. कुणी लिहिलं हे कुणी विचारलं नाही. हळूहळू सगळे धरून चालले की अक्षतानेच ठेवलं. मी कशाला लिहिलं? अक्षताने एकदा माझ्या एखाद्या गोष्टीवर हसावं म्हणून. ही गोष्ट मी कधीच कुणाला सांगितली नव्हती. घरीही नाही, डायरीतही नाही. हे नीट लक्षात ठेवा.

तर ग्रुप झाल्यावर तिसऱ्या दिवशी कुणीतरी रेश्माचा नंबर शोधून तिला घेतलं. लगेच मेसेज सुरू झाले — "इसलँड आयली!", "वेलकम इसलँड", नारळाच्या झाडाचे इमोजी. तासाभरात 'रेश्मा लेफ्ट' असं आलं. अक्षताने लिहिलं, "किते हें? मजा समजना काय?" आणि दुसरा विषय निघाला.

त्या दिवशी मी रेश्माला वेगळा मेसेज केला. नुसतं "कशी आसा गो" एवढंच. तिने व्हॉइस नोट पाठवली. आवाज बारीक झाला होता, पण हसायची तशीच. तेव्हा कळलं की तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. टाइप करून हात दुखतो म्हणून ती बोलूनच पाठवायची. "डॉक्टर म्हणटा उदक मोजून पी. आमच्या घरासमोर व्हाळ, आनी हांव उदक मोजतां," असं काहीतरी. व्हाळ म्हणजे ओढा. मी हसायचे आणि मग बराच वेळ फोन हातात धरून बसायचे.

दर वेळी शेवटी ती म्हणायची, "ये गो एकदां. लांब काय ना."

लांब नव्हतंच. म्हापशाला बस बदलली की दीड-दोन तास. मी "ह्या म्हयन्यांत नक्की" म्हणायचे, आणि तसं मनातही असायचं. पण रविवार भरलेले असायचे. शिवाय तिच्यासमोर बसलं तर ते बाकावरचं सांगावं लागेल, ही भीती होती. हे कारण जास्त खरं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी अक्षताच्या वाढदिवसाला आम्ही पाच जणी केरीच्या किनाऱ्यावर गेलो. जेवण झालं. दुपारी पावणेतीनला बाकीच्या पाण्याकडे निघाल्या, मी सुरूच्या झाडाखाली बॅगा आवरत होते. सकाळी रेश्माची नोट आली होती — "आज आयतार, कितें करता?" तिला उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी बटण दाबून बोलायला लागले, "रेश्मा, सॉरी गो, सकाळपासून बघूंक मेळूंक ना..." इतक्यात अक्षता पाण्याच्या कडेवरून ओरडली, "येता मगे तूं? तुजी वाट पळोवन दर्याक सुकती लागली!" म्हणजे ओहोटी लागली. सगळ्या हसल्या. मीही हसत ओरडले, "येतां गो, येतां." आणि बटण सोडलं. नोट गेली. फोन बॅगेत टाकून मी धावले.

पाण्यात होतो चारपर्यंत. फोटो आहेत.

साडेचारला फोन काढला तेव्हा रेश्माचा मेसेज होता. टाइप केलेला, म्हणून लक्षात राहिला. "घरा पावलें काय सांग." खाली दुसरा, "बरें दिसलें," म्हणजे बरं वाटलं. मला वाटलं, मी बाहेर आहे म्हणून काळजीने विचारतेय. रात्री आठला खोलीवर पोचल्यावर मी लिहिलं, "पावलें," आणि एक लाल हार्ट.

बुधवारी ती गेली. गुरुवारी सकाळी ग्रुपवर कळलं. अक्षताने तिचा दहावीच्या सेंड-ऑफचा फोटो टाकला होता आणि खाली चाळीस वेळा हात जोडलेले. त्या फोटोत तिच्या शेजारी मी आहे, कापून टाकलेली, फक्त माझा खांदा दिसतो.

पुढच्या रविवारी मी इब्रामपूरला गेले. एकटी. ग्रुपवर सांगितलं नाही. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते — काकी, मला माफ करा, ती बोलवत होती आणि मी आले नाही. इतकं तरी सरळ म्हणायचंच, असं ठरवलं होतं. बारा-तेरा वर्षांत घर फारसं बदललं नव्हतं. अंगणात सुपारी वाळत घातली होती, पायरीजवळ तिच्या चपला तशाच होत्या. काकी — रेश्माची आई — दारात बसलेली होती. माझ्याकडे बघून तिला काहीच नवल वाटलं नाही.

"परतून आयलें गो?" ती म्हणाली. "बस. त्या दिसा सारकें जमनीर बसूं नाका, कदेल घे."

कदेल म्हणजे खुर्ची. मी बसले. मला वाटलं, दुःखात तिचा गोंधळ होतोय, दुसरी कुणी आली असेल. मी विचारलं, "खंयच्या दिसा, काकी?"

"गेल्या आयतारा. तूं आयलें न्हय?"

मी काही बोलायच्या आत ती सांगायला लागली. मला नाही, जणू स्वतःलाच उजळणी करून सांगत होती. त्या दुपारी रेश्मा खाटेवर पडून होती. फोन वाजला, तिने नोट ऐकली, मग आईला हाक मारून परत लावून ऐकवली. तिसऱ्यांदा लावली. "आई, तें येतां म्हणटा." आमच्याकडे मुलीला 'तें' म्हणतात. चार दिवस तिने केसांना फणी लावू दिली नव्हती, त्या दिवशी स्वतः मागितली. गाऊन बदलून पंजाबी ड्रेस घातला. जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, कदेल ठेवून घेतलं, वाटेवर नजर ठेवता यावी म्हणून.

"हांव म्हणपाक लागलें, आगो, पणजे सावन येवंक वेळ लागतलो. म्हणटा, ना, तें लागींच आसा." लागीं म्हणजे जवळ.

आणि काकी म्हणाली, तासही झाला नसेल, तू मागच्या दारातून आत आलीस. चालत आलीस म्हणालीस. केस ओले होते, म्हणून मी तुला पंचा दिला. तू खुर्ची नको म्हणालीस आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसलीस.

"दुसऱ्या दिसा केर काडटना रेंव मेळ्ळी," ती म्हणाली. "हांगा खंयची रेंव?"

रेंव म्हणजे वाळू. इब्रामपुरात समुद्र नाही. व्हाळाला गोटे आहेत, चिकणमाती आहे.

मी फोन काढून ती नोट पहिल्यांदाच ऐकली. वारा आहे, माझं 'सॉरी' आहे. अक्षताचा आवाज त्यात आलेलाच नाही. शेवटी फक्त माझा आवाज, हसरा, अगदी स्पष्ट — येतां गो, येतां.

काकीने तो आवाज ऐकला आणि पदराने डोळे पुसले. मी बसमध्ये जुळवलेलं वाक्य तोंडात होतं. मी "काकी, मी..." एवढं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "चार म्हयन्यांनी तें हांसलें गो त्या दिसा. तूं आयलें म्हणून." आणि माझा हात धरला. त्यानंतर मला बोलता आलं नाही. दुसरी कुणी असती तर बोलली असती का, माहीत नाही.

मी फक्त विचारलं, आम्ही काय बोलत होतो.

"तुका याद ना?" तिने मला निरखून पाहिलं. मग म्हणाली, "तुवें तिका तें सांगलें न्हय... तें कितेंशें इंग्लीश नांव. शाळेंत चिडयताले तें. तें तुवेंच बाकार बरयल्लें म्हणून."

बरयल्लें, म्हणजे लिहिलेलं. अंगणात एक कोंबडी सुपारीवर चढली होती, काकीने तिला हाकललं, परत बसली.

"आनी तें म्हणटा, म्हाका तेन्नाच खबर आशिल्लें. अक्षर तुजें."

म्हणजे सहावीपासून तिला माहीत होतं. पाच वर्षं ती माझ्या बाजूला बसली, भाकरी अर्धी करून देत राहिली, आणि तिला माहीत होतं.

निघताना मी काहीच बोलले नाही. सुतकाच्या घरातून 'येतां' म्हणून निघत नाहीत, ते बरं झालं. बसस्टॉपवर उभी राहून अक्षताने पाठवलेले त्या रविवारचे सगळे फोटो बघितले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेळ छापलेली आहे. दोन पंचावन्न, तीन वीस, चार वाजून दोन मिनिटं. मी सगळ्यांत आहे. तीन वीसच्या फोटोत मी कमरेएवढ्या पाण्यात पाठमोरी आहे, बाकीच्या कॅमेऱ्याकडे बघताहेत. केरीहून इब्रामपूरला गाडीनेसुद्धा तास लागतो.

अक्षताला मी आठवड्याने पार्लरमध्ये जाऊन भेटले. तिला सगळं नाही सांगितलं, फक्त विचारलं की त्या दिवशी मी मध्येच कुठे गेले होते का. ती कुणाच्या तरी भुवया करत होती. दोरा दातात धरून म्हणाली, "खंय वतलें? आमचे मुखारच आशिल्लें. फकत उदकांत उबें राविल्लें कितलो वेळ, साद घातलो तरी वळना. हांवें म्हळें, ह्या बायेक समाधी लागली काय कितें."

मला तसं काही आठवत नाही. पाणी थंड होतं आणि मी खूश होते, एवढंच आठवतं.

मग मी तिला बाकावरचं सांगितलं. तिचा दोरा थांबला. "तूं?" ती म्हणाली. "आगो, म्हाका आजून मेरेन दिसतालें हांवेंच." समोरची बाई आरशात आमच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने अक्षता म्हणाली, "सोड मगे आतां," आणि पुढे काम करायला लागली. त्या रात्री तिने ग्रुपवरून नारळाच्या झाडांचे ते जुने मेसेज काढले. इतके जुने मेसेज फक्त स्वतःच्या फोनवरून काढता येतात, असं तिनेच मला कळवलं. बाकीच्यांकडे ते अजून आहेत.

याचं स्पष्टीकरण मी बरंच शोधलं. काकीला भास झाला म्हणावं, तर बाकावरचं तिला कुठून कळलं? रेश्माला अक्षरावरून माहीत होतं, तिनेच आईला सांगितलं असेल आणि पुढचं सगळं आईने दुःखात रचलं असेल — हे मी स्वतःला पुष्कळदा पटवलंय. पण मग "घरा पावलें काय सांग" हा मेसेज रेश्माने कुणासाठी केला? तो माझ्या फोनवर आहे. वेळ चार वाजून वीस मिनिटं. आणि खाली माझं उत्तर, "पावलें".

वाळूचं तर मी विचारच करत नाही.

मी आता महिन्यातून एक-दोन रविवार इब्रामपूरला जाते. मैत्रिणींबरोबरही जाते कधीकधी, पण कॅलेंडर बघत नाही. काकीला मी अजून खरं सांगितलेलं नाही. ती माझ्यासाठी उंडो आणून ठेवते, गावठी पाव, सकाळी पोदेर येतो त्याच्याकडून. मी त्या दुपारची, जिथे मी नव्हते, तिथली पाहुणी म्हणून तो खाते. कधीकधी जी आली होती तिचा मला राग येतो. तिने मला जमलं नाही ते केलं, आणि कौतुक मला मिळतंय.

पण लिहायला बसले ते एका वेगळ्याच कारणाने. मागच्या खेपेला काकी वाल सोलत होती. मला म्हणाली, "एक विचारूं? हांव च्या करूंक भितर गेलें तेन्ना तिणें तुका लागीं आपयलें. कानांत कितेंशें सांगलें. हांवें दारांतल्यान पळयलें. तूं रडटालें, आनी तूं म्हणालें, बरें, करतां."

मी एक शेंग सोलायला घेतली.

"कितें मागलें गो तिणें?"

माझ्या मनात पहिलं आलं तेच मी बोलून गेले. म्हणाले, तुम्हांला बघायला येत जा, असं म्हणाली. माझ्या दृष्टीने ते खोटंही नव्हतं फार, मी येतच होते.

काकीने दोन-तीन शेंगा सोलल्या. मग मान हलवली. "न्हय. तें अशें मागपाचें न्हय." रागाने नाही, लेकीला ओळखणाऱ्या आईने म्हणावं तसं. "तुका सांगूंक जायना जाल्यार राव. पूण कर हां तें. तिका उतर दिलां तुवें." उतर म्हणजे शब्द, वचन.

मी हो म्हटलं.

ती कोण होती, कशी आली, हे मला कुणी सांगू शकणार नाही, आणि आता ते फारसं विचारायचंही नाही. रेश्माने तिच्या शेवटच्या रविवारी एक गोष्ट मागितली. माझ्या तोंडाने तिला कुणीतरी 'बरें, करतां' म्हटलं. काकी वाट बघते आहे. आणि करायचं काय आहे, ते मला माहीत नाही.